चित्राची पाठही गोळा करा: ब्रिटिशकालीन छायाचित्रं आणि लँटर्न स्लाइड शाळेसाठी, पुस्तकासाठी जमवताना

१९०२ साली लंडनच्या कलोनियल ऑफिसनं, म्हणजे वसाहतींच्या खात्यानं, शाळांसाठी एक समिती नेमली, व्हिज्युअल इन्स्ट्रक्शन कमिटी. विलायतेतल्या मुलांना वसाहती दाखवायच्या आणि वसाहतींतल्या मुलांना विलायत, हे तिचं काम. साधन होतं मॅजिक लँटर्न: काचेवरचं छायाचित्र, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पांढरा पडदा आणि शेजारी छापील व्याख्यान वाचून दाखवणारा मास्तर. व्याख्यानं लिहिली हॅलफर्ड मॅकिंडर या भूगोलतज्ज्ञानं. चित्रं आणायला ए. ह्यू फिशर या चित्रकाराला १९०७ मध्ये पाठवलं. १९१० पर्यंत तो हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश आणि पुढे बरंच जग फिरला. स्वतः फोटो काढले, रंगचित्रं केली आणि जागोजागच्या स्टुडिओंतून, अधिकाऱ्यांकडून तयार फोटोही घेतले. १९१० मध्ये हिंदुस्थानावरची आठ व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. त्यातलं पाचवं मुंबई आणि मराठ्यांवर आहे. सोबतच्या स्लाइड लंडनच्या न्यूटन आणि कंपनीकडून विकत मिळत.

सुरुवातीलाच हे सांगायचं कारण असं, की आज एखादा शिक्षक 'ब्रिटिश काळातलं आपलं गाव' असा तास घ्यायला बसतो किंवा शाळेच्या शताब्दीची स्मरणिका काढणारी मंडळी जुने फोटो शोधतात, तेव्हा हाती येणारी बरीच चित्रं अशाच कुठल्यातरी कामासाठी काढलेली असतात. कुणाला साम्राज्य दाखवायचं होतं, कुणाला मिशनसाठी वर्गणी हवी होती, कुणाला पोस्टकार्डं खपवायची होती. नुसतं चित्र उचललं की ते काम मागे राहतं आणि चित्र 'पुरावा' होऊन बसतं. म्हणून चित्राबरोबर त्याची पाठ, कडा, चिठ्ठी, शेजारचं पान, विकणाऱ्याचं नाव हे सगळं गोळा करायचं. कसं, ते पुढे.

आधी तास, मग चित्रं

इंटरनेटवर बसून 'जुनी मुंबई' शोधायला लागलात की तासाभरात तीनशे चित्रं जमतात आणि त्यातली दहाही कामाची नसतात. उलट बाजूनं सुरू करा. एका कागदावर मुद्दे लिहा, उदाहरणार्थ दुष्काळी कामं, घाटातली रेल्वे, प्लेग, बाजार, शाळा. प्रत्येक मुद्द्याला एकच चित्र लागणार असं धरा. चाळीस मिनिटांच्या तासाला पंधरा ते अठरा चित्रं पुष्कळ झाली, त्याहून जास्त घेतलीत तर मुलं चित्र 'पाहत' नाहीत, नुसती सरकताना बघतात. प्रत्येक जागेसाठी तीन-चार उमेदवार जमवा, कारण एक धूसर निघेल, एकाची परवानगी मिळणार नाही आणि एक भलत्याच गावाचं असेल.

कुठे शोधायचं

फिशरचे अल्बम केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीच्या संग्रहात आहेत. पश्चिम भारताच्या सर्वांत जुन्या फोटोंसाठी विल्यम जॉन्सनचे अल्बम पाहावेत, ते अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डिगॉलियर ग्रंथालयात आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. मुंबईच्या १८९६-९७ च्या प्लेगचे फोटो लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये आहेत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचा, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याचा, मोठा साठा आहे, पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबरहल्ल्यात तिथल्या ऑनलाइन सेवा कोलमडल्या, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेली लिंक चालली नाही तर चित्रच नाही असं समजू नका; संग्रह क्रमांक टिपून पत्र लिहा. आपल्याकडे मुंबईत एशियाटिक सोसायटी, भाऊ दाजी लाड संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राज्य पुराभिलेखागार. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. दिल्लीत अल्काझी फाउंडेशन. अहमदनगर, सोलापूर या बाजूच्या फोटोंसाठी अमेरिकन मराठी मिशनचे कागद विसरू नका. मिशनऱ्यांनी खेडी, शाळा, दवाखाने यांचे जे फोटो काढले तसे सरकारनं काढले नाहीत.

शोधताना स्पेलिंग जुनं हवं. पुण्यासाठी पूना, ठाण्यासाठी टन्ना, खडकीसाठी किरकी, वसईसाठी बेसीन, साताऱ्याला दोन टी, अहमदनगरच्या शेवटी 'नुग्गर'. रोमन लिपीत प्रत्येक नावाची तीन-चार रूपं टाकून पाहा. इथे एक सापळा आहे. बेसीन नावाचं एक शहर ब्रह्मदेशातही होतं. 'बेसीनचा धक्का' म्हणून आलेला फोटो वसईच्या पुस्तकात घालण्याआधी झाडं, होड्या आणि माणसांची वस्त्रं बघा. तसंच 'कोलाबा' म्हणजे मुंबईचं कुलाबा की अलिबागकडचा कुलाबा जिल्हा? 'हैदराबाद' दख्खनचं की सिंधचं? कॅटलॉग करणारा लंडनमध्ये बसलेला होता, त्याची गल्लत होणं साहजिक आहे.

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे अजूनही काचा, पोस्टकार्डं, माउंट केलेले फोटो येतात. विकत घेताना दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला नवा प्रिंट भिंगाखाली लगेच सापडतो. आणि वाड्यातला घरचा अल्बम कुणी दाखवला तर तो उचलून नेऊ नका. त्यांच्याच घरी बसून फोटो घ्या, काय काय घेतलं याची सही केलेली यादी त्यांना द्या, कशासाठी वापरणार ते लिहून द्या.

भिंगाखाली

हातात मूळ वस्तू असेल तर पहिला प्रश्न: हा फोटो आहे की फोटोची छपाई? भिंगाखाली नीट रांगेत ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई, म्हणजे पुस्तक किंवा मासिकातून कापलेलं पान. बारीक वेडीवाकडी जाळी, सुरकुतलेल्या सायीसारखी, दिसली तर कोलोटाइप, छपाईचाच दुसरा प्रकार. बरीच चांगली पोस्टकार्डं अशी आहेत. ठिपके नाहीत, कागद पातळ, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पांढरे भाग पिवळट आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसताहेत, तर तो अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला. साधारण १८५० ते १८९० च्या दशकापर्यंतचा. तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत, गडद भागात कडेला चांदीसारखी झाक, तर जिलेटिन प्रिंट, शक्यतो त्यानंतरचा.

प्रिंटच्या वयावरून फोटोचं वय ठरवू नका. निगेटिव्ह हे स्टुडिओचं भांडवल असे, तीस-चाळीस वर्षं त्याचे प्रिंट विकले जात. सॅम्युएल बोर्ननं १८६३ ते १८७० या काळात काढलेली दृश्यं बोर्न आणि शेफर्ड स्टुडिओ कितीतरी वर्षं नंतर विकत होता. फोटोच्या कोपऱ्यात निगेटिव्हवरच खरवडलेला आकडा असेल तर तो टिपा. स्टुडिओच्या छापील कॅटलॉगाशी तो जुळला की जागा आणि काळ दोन्ही मिळतात.

काळ पकडायला इमारती सर्वांत भरवशाच्या. मुंबईपुरतं हे पाठ असावं: फ्लोरा फाउंटन १८६४, घोड्यांची ट्राम १८७४, राजाबाई टॉवर १८७८, बोरीबंदरचं स्टेशन १८८७-८८, महापालिकेची इमारत १८९३, ताजमहाल हॉटेल १९०३, विजेची ट्राम १९०७, जनरल पोस्ट ऑफिस १९१३, गेटवे पूर्ण १९२४, विजेवरची लोकल १९२५. चित्रात जे आहे त्यानं 'याच्या आधीचं नाही' ही सीमा मिळते आणि जे नाही त्यानं 'याच्या नंतरचं नाही' ही. दुसरी सीमा कच्ची असते. कॅमेरा कुठल्या दिशेला तोंड करून होता ते नकाशावर आखल्याशिवाय टॉवर 'नव्हता' असं म्हणू नये, तो पाठीमागे असू शकतो.

मुलं हमखास विचारतात, की जुन्या फोटोत रस्ते ओस का? ओस नसत. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच वापरायच्या, काचेला काही सेकंद प्रकाश लागे, तेवढ्यात चालणारा माणूस, धावता टांगा पुसून जाई, फार तर धुरकट रेघ उरे. दुसरी गोष्ट रंगांची. त्या काळच्या काचांना निळा रंग तेवढा नीट 'दिसे', लाल जवळजवळ नाही. म्हणून आकाश कोरं पांढरं, लाल पागोटं काळं आणि कपाळावरचं कुंकू काळा डाग. निळं लुगडं फिकट येई. त्यामुळे फोटो बघून 'बायका काळी कुंकवं लावत' किंवा 'पांढरी लुगडी नेसत' असा निष्कर्ष काढणं चूक. रंगवलेली काच तर याहून फसवी, कारण रंग हातानं, बहुतेकदा कारखान्यात बसून, ते गाव कधी न पाहिलेल्या माणसानं भरलेला असे. आणि आजच्या संगणकानं आपोआप भरलेले रंग? आमच्या मते शैक्षणिक कामात ते नकोतच. वापरलेत तर चित्राखाली तसं लिहा आणि शेजारी मूळ काळंपांढरं द्या.

जोडलेली माणसं

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. विल्यम जॉन्सननं १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. चित्रं पाहिली तर एखाद्या समाजाची माणसं मंदिरापुढे, समुद्रापुढे, माळरानावर उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचा फोटो वेगळा आणि मागचं दृश्य वेगळं, दोन निगेटिव्ह जोडून एक प्रिंट केलेला. ओळखायचं कसं? माणसाच्या कडेनं नजर फिरवा: पागोट्याच्या आणि कोपराच्या भोवती कापल्यासारखी तीक्ष्ण रेघ दिसते. पायांकडे बघा: पाऊल जमिनीत बसत नाही, सावली एकतर नाही किंवा मागच्या इमारतीच्या सावलीच्या उलट दिशेला आहे. मागचं दृश्य पूर्ण स्पष्ट आणि माणूसही पूर्ण स्पष्ट, हेही त्या काळच्या भिंगाला सहज जमणारं नव्हतं. असं चित्र 'अमुक समाज अमुक ठिकाणी राहत असे' यासाठी वापरता येत नाही. पण 'साहेबाला आपल्याला कसं मांडायचं होतं' यासाठी याच्याइतकं चांगलं चित्र नाही. दहावीच्या मुलांना एक जोडचित्र देऊन चुका शोधायला सांगा, अर्धा तास वर्ग हलत नाही.

जोडकाम नसलं तरी मांडणी असतेच. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं उपाशी माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. प्लेगच्या फोटोंतही घर तपासणारी तुकडी शिस्तीत उभी, रस्ता मोकळा, दवाखाना झकास. ते सरकारी कामाचा अहवाल म्हणून काढलेले आहेत. त्यांच्याशेजारी त्याच वर्षीच्या मराठी वर्तमानपत्रातला उतारा छापा, म्हणजे २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी का झाडली गेली ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

सगळे कॅमेरे साहेबांच्या हातात होते असंही नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पहिल्या पिढीतले. संग्रहात त्यांची चित्रं आली तर पाहणाऱ्याची जागा बदलते. कल्याणच्या पटवर्धनांची १८९२ ची शांबरिक खरोलिका मात्र वेगळ्या खणात ठेवा. तीही लँटर्नच, पण तिच्या काचा हातानं रंगवलेल्या, गोष्ट सांगणाऱ्या. फोटोच्या स्लाइडशी तिची सरमिसळ करू नका.

नोंद

प्रत्येक चित्राला पहिल्या दिवशीच क्रमांक द्या आणि एका तक्त्यात पुढच्या गोष्टी भरा:

- मूळ मथळा, अक्षर न अक्षर, चुकांसकट
- तो मथळा कुणी लिहिला: फोटोग्राफर, अल्बमचा मालक की आजचा कॅटलॉगकार
- वस्तू काय आहे: प्रिंट, काच, पोस्टकार्ड, छापील पान, मोजमाप मिलिमीटरमध्ये
- काढल्याचा काळ आणि छापल्याचा काळ, दोन वेगळे रकाने
- कुठे आहे, संग्रह क्रमांक, पाहिल्याची तारीख
- मागच्या बाजूचा फोटो आहे का
- वापराची अट

सर्वांत जास्त घोटाळा दुसऱ्या ओळीत होतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा मथळा पुष्कळदा गेल्या वीस वर्षांत कुणीतरी लिहिलेला असतो आणि तो १८७० चा समजून पुस्तकात जातो. फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, मध्ये जागा सोडू नका. देवनागरी नावं काही जुन्या संगणकांवर चौकोन होऊन बसतात.

काचेची स्लाइड हाती आली तर

ब्रिटिश स्लाइड चौरस असते, सव्वातीन इंच बाय सव्वातीन, म्हणजे साधारण ८२ मिलिमीटर. अमेरिकन सव्वातीन बाय चार. मिशनच्या पेटीत दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात, आणि मापावरून काच कुठून आली याचा पहिला अंदाज येतो. रचना अशी: एका काचेवर चित्राचा थर (बहुतेकदा जिलेटिनचा), त्यावर चौकट कापलेला काळा कागद, त्यावर दुसरी कोरी काच आणि चारही कडांना डिंकाची काळी कागदी पट्टी. चित्र सरळ दिसेल असं धरलं की ब्रिटिश स्लाइडच्या वरच्या दोन कोपऱ्यांत पांढरे ठिपके दिसतात. अमेरिकन स्लाइडला एकच ठिपका, डावीकडे खाली. हे ठिपके फार कामाचे, कारण चित्र उलटं छापलं जाण्याची चूक इथेच पकडली जाते. तरीही पाटीवरची अक्षरं किंवा सदऱ्याची बटणं तपासा, ठिपके लावणाराही चुकत असे. कडेला विक्रेत्याची चिठ्ठी असेल तर त्यावरचा पत्ता टिपा. दुकानं जागा बदलत, त्यामुळे पत्त्यावरून काळ आवळता येतो.

हाताळताना नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोज्यांतून काच सटकते. टेबलावर जाड फेल्ट अंथरा, काच कडेनं धरा, एका वेळी एकच. धूळ हवेच्या रबरी फुग्यानं उडवा, मग मऊ ब्रश. बाहेरची काच फार मळली असेल तर कापसाला डिस्टिल्ड पाण्याचा जेमतेम ओलावा देऊन मधून बाहेर पुसा आणि पट्टीपासून सेंटिमीटरभर आधी थांबा. पाणी पट्टीखाली शिरलं की जिलेटिन फुगतं आणि चित्र उचलून येतं. काचेवर घामासारखे थेंब किंवा खडूसारखी पांढरी पूड दिसली तर ती काच स्वतःच झिजते आहे, वेगळी ठेवा. थराचे पापुद्रे सुटले असतील तर घरी काही करू नका, संवर्धकाला दाखवा. पट्टी सोडवून 'आतून साफ' करण्याचा मोह टाळा, त्यात चिठ्ठी, कागदी चौकट आणि कधी कधी चित्रही जातं.

ठेवायच्या कागदी लिफाफ्यात, उभ्या, एकमेकींवर न रचता. आर्द्रता तीस ते चाळीस टक्के उत्तम, पण कोकणात पावसाळ्यात ती मिळणं कठीण. निदान पासष्टच्या वर जाऊ देऊ नका, तिथून बुरशी सुरू होते. बाहेरच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट नको. सिलिका जेलच्या पुड्या भारंभार कोंबूनही नुकसान होतं, थर फार कोरडा पडला की तडकतो.

डिजिटल प्रत करायला आम्ही स्कॅनरपेक्षा कॅमेरा सुचवू. स्लाइड दोन काचांची असल्यानं चित्र स्कॅनरच्या काचेपासून वर उचललेलं राहतं आणि साधे स्कॅनर तिथे फोकस करत नाहीत. शिवाय दोन काचा टेकल्या की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं येतात. मांडणी अशी करा: खाली पांढरा एलईडी पॅनेल, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त, त्याच्यावर चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून स्लाइड, म्हणजे पॅनेलचे ठिपके चित्रात येत नाहीत, भोवती काळा कार्डपेपर, नाहीतर बाजूच्या उजेडानं चित्र धुरकट होतं. वर स्टँडला कॅमेरा, मॅक्रो लेन्स, एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल, टायमरवर. कॅमेरा काचेला समांतर आहे का ते पाहायला स्लाइडच्या जागी आरसा ठेवा; कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधोमध लेन्सचं प्रतिबिंब आलं की बरोबर. खोलीतले दिवे बंद. काढणाऱ्यानं पांढरा शर्ट घालू नये, काचेत तो दिसतो.

चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौरस स्लाइडला सुमारे ३,६०० पिक्सेल मिळतात. तीनशे पीपीआयनं (इंचाला तीनशे पिक्सेल) छापलं तर बारा इंच, म्हणजे पुस्तकाच्या पूर्ण पानाला भरपूर. प्रत्येक काचेचे दोन फोटो हवेत: एक आरपार उजेडातला चित्राचा आणि दुसरा वरून उजेड टाकून सबंध वस्तूचा, पट्टी-चिठ्ठी-ठिपक्यांसकट. दुसरा फोटो काढायचा कंटाळा येतो आणि पाच वर्षांनी तोच लागतो. मूळ प्रत सोळा बिट टिफमध्ये, कापाकापी न करता, दोन वेगळ्या डिस्कवर.

मूळ हाफटोन छपाई असेल तर सहाशे पीपीआयला स्कॅन करून डीस्क्रीन करा, म्हणजे सॉफ्टवेअरनं छपाईचे ठिपके मिटवा, मग लहान करा. थेट छापलं तर ठिपक्यांवर ठिपके पडून चित्रावर चौकडा उमटतो. पुस्तक मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, जाणार असेल तर मधल्या छटा थोड्या उजळा, कारण त्या कागदावर शाई पसरते आणि काळ्या माणसांचे चेहरे नेमके त्यातच बुडतात. आर्ट पेपरला हे लागत नाही. छापखान्याकडून एका गडद चित्राचा प्रूफ त्याच कागदावर मागून घ्या.

हक्क

१९०७ किंवा त्याआधी काढलेले फोटो भारतात मुक्त आहेत असं धरायला हरकत नाही. १९११ च्या कायद्यात फोटोचा हक्क निगेटिव्ह झाल्यापासून पन्नास वर्षं होता आणि जानेवारी १९५८ मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हा तो संपलेला होता. त्यानंतरच्या फोटोंना प्रकाशनाचं वर्ष, फोटोग्राफरचा मृत्यू आणि २०१२ ची दुरुस्ती असे धागे लागतात. तिथे जाणकाराला विचारा. पुस्तक परदेशात विकणार असाल तर तिथला कायदा वेगळा, ब्रिटनमध्ये फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं. आणि हक्क संपला तरी संग्रहालय आपल्या फाइलसाठी पैसे मागू शकतं, तो हक्काचा नव्हे तर कराराचा भाग. शाळेसाठी आहे, प्रती किती, हे पत्रात स्पष्ट लिहा. पुष्कळ संस्था शैक्षणिक वापराला शुल्क कमी करतात किंवा घेतच नाहीत.

मथळा कसा लिहावा

दोन मजली. वर आपला मथळा: काय दिसतं, कुठे, अंदाजे कधी. खाली बारीक टायपात: 'मूळ नोंद' आणि ती अवतरणात. उदाहरणार्थ मूळ नोंदीत एखाद्या जमातीला 'गुन्हेगार' म्हटलेलं असेल, तर ते वर आणायचं नाही आणि खालून पुसायचंही नाही. त्यापुढे एक वाक्य घालायचं, की १८७१ च्या कायद्यानं हा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वर्गात त्याच समाजाची मुलं बसलेली असतात, हे मथळा लिहिताना डोळ्यापुढे हवं. उघडी शरीरं, प्रेतं, तपासणीसाठी रस्त्यात उभ्या केलेल्या बायका अशी चित्रं पडद्यावर सहा फूट मोठी करू नयेत. पुस्तकात लहान आणि मजकुरासकट, तेही गरज असली तरच.

'एक मराठा', 'पुण्याची बाई' अशा नाव नसलेल्या मथळ्यांत नाव शोधायचा प्रयत्न जरूर करा. साहेबाचं नाव, हुद्दा, घोड्याचं नाव लिहिलेलं असतं आणि लगाम धरणारा 'नेटिव्ह' असतो. सापडलं नाही तर 'नाव नोंदलेलं नाही' असं लिहा. हे तीन शब्द मुलांना बरंच काही सांगतात.

आजही काच दाखवायची असेल तर

शाळेत जुना लँटर्न असेल तर मूळ काचा त्यात कधीही घालू नका, उष्णतेनं जिलेटिन सुटतं. प्रत करा. इंकजेटची पारदर्शक फिल्म घ्या, चित्र सत्तर मिलिमीटर चौरसात छापा, कॉन्ट्रास्ट नेहमीपेक्षा बराच वाढवून, कारण पडद्यावर फिल्म फिकी पडते. रात्रभर वाळू द्या. काचवाल्याकडून ८२ मिलिमीटरचे पातळ काचेचे तुकडे कापून घ्या, दीड मिलिमीटर जाडीचे मिळाले तर उत्तम, दोन काचा मिळून तीनच्या वर गेल्या तर जुन्या सरकत्या चौकटीत अडकतात. कडा पॉलिश पेपरनं घासा. काच, फिल्म, काळ्या कागदाची चौकट, काच असा क्रम लावा. शाईची बाजू चौकटीकडे असू द्या, म्हणजे मध्ये हवा राहते आणि रंगीत वर्तुळं येत नाहीत. कडांना काळी कागदी पट्टी आणि ब्रिटिश स्लाइडसारखे वरच्या दोन कोपऱ्यांत पांढरे ठिपके. सेलोटेप लावलात तर दिव्यासमोर डिंक वितळून चौकटीत चिकटतो. लँटर्नमध्ये एलईडी दिवा बसवा, जुन्या हॅलोजननं फिल्म मिनिटाभरात वाकते.

लावायची ती अशी: पडद्याकडे तोंड करून उभे राहा, काच चित्र सरळ दिसेल अशी धरा आणि जागच्या जागी अर्धी फिरवा, पालथी न करता; चित्राचं डोकं आणि ठिपके खाली येतील. तशीच चौकटीत सरकवा. मुलं यायच्या आधी सगळ्या काचा एकदा क्रमानं लावून पाहा आणि शेवटच्या बाकावर बसून मथळा वाचता येतो का ते बघा.